फ्लॅट विकणाऱ्यांसाठी आवराआवरीचा हितोपदेश

फ्लॅट विकायला काढलात, फार चांगलं केलंत. एव्हाना एजंट येऊन गेला असेल. चपला न काढता हॉलच्या मधोमध उभं राहून त्याने छताकडे पाहिलं असेल आणि जाताजाता म्हणाला असेल, "काका, पार्टी यायच्या आत जरा सामान कमी करा." त्याचं जरूर ऐका. फक्त सामान कमी करायला ते टाकावं लागतं, अशी त्याची भाबडी समजूत आहे. त्याचं वय लहान आहे, सोडून द्या.

उदाहरणादाखल कोथरूडमधला 1988 चा फ्लॅट घेऊ. दोन बेडरूम, तिसरा मजला, लिफ्ट नाही. दर चौरस फुटाला बारा हजार धरा. हॉलमधला दिवाण सहा बाय तीनचा, म्हणजे अठरा चौरस फूट, म्हणजे दोन लाख सोळा हजारांची जागा. एवढ्या मोलाच्या जागेत काय ठेवलंय ते फळी उचलून पाहा. पाहुण्यांसाठीच्या दोन गाद्या (पाहुणे हल्ली हॉटेलात उतरतात), बंद पडलेला मिक्सर, त्याच्याही आधीचा बंद पडलेला मिक्सर आणि पिशव्यांनी भरलेली एक पिशवी. आता फळी खाली करा आणि हा हिशेब पुन्हा म्हणून करू नका. अशा हिशेबाने माणसाची झोप उडते, आणि झोपायचं त्याच दिवाणावर आहे.

आवरायला बसताना एकट्याने बसू नका, सगळं घर घेऊन बसा. एकटा माणूस भावनेच्या भरात एखादी वस्तू टाकून देऊ शकतो. चौघं असले की तो धोका राहत नाही, कारण प्रत्येक वस्तूला कुळकथा असते आणि ती सांगणारं कुणीतरी हजर असतं. पुण्यात तर एक पातेलं असतंच असतं, ज्याला हात लावायची कुणाची टाप नाही. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, पेठांमधून पाणी शिरलं, तेव्हा हे पातेलं वाचलं. ते कसं वाचलं याच्या आजी, आत्या आणि काका अशा तीन आवृत्त्या आहेत आणि तिन्ही एकमेकींशी जुळत नाहीत. पातेल्याला कल्हई नाही, बुडाला भोक आहे. पण ज्याला मुठा नदी नेऊ शकली नाही त्याला भंगारवाल्याने न्यायचं? ठेवा ते 'न्यायचं' असं लिहिलेल्या खोक्यात. दुपारी एकपर्यंत त्या खोक्याशेजारी तसलीच आणखी सहा खोकी उभी राहतील. 'टाकायचं' असं लिहिलेल्या खोक्यात चहाची गाळणी असेल, आणि चारच्या चहाला ती परत काढावी लागेल.

कपड्यांसाठी मात्र बोहारणीला बोलवा. ती दारात टोपलं टेकवून बसते. काकू तुमच्या चार पँटी आणि लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळसणाची साडी पुढे करतात. बोहारीण एकेक पँट उजेडात धरते, गुडघ्यापाशी दोन बोटांत चोळून बघते, चेन वरखाली करते. "ताई, ही विरलीय." साडीचा काठ उलटा करून जर नखाने खरवडते आणि काही न बोलता बाजूला ठेवते. याचा अर्थ साडी तिला पसंत आहे आणि तसं ती तुम्हाला कळू देणार नाही. काकू झाकणाच्या मोठ्या डब्याकडे बोट दाखवतात, ती पुरणाच्या चाळणीकडे. "एवढ्यात डबा नाही परवडत, अजून दोन कपडे टाका." मग इरेला पेटून काकू आत येतात आणि तुमच्या अंगातला शर्ट मागतात. द्या. शेवटी चौदा कपडे जातात आणि डबा घरात येतो. कपाटाचा एक खण रिकामा झाला, हे कुणीही मान्य करील. डबा ठेवायला माळ्यावर चढलात की गेल्या खेपेचे तीन भेटतील, एकात एक घातलेले, न वापरलेले.

ते डबेही कुणाला देता येत नाहीत, कारण आपल्याकडे भांड्यावर नाव घातल्याशिवाय भांडं पूर्ण होत नाही. ठिपक्याठिपक्यांनी टोचलेली मुंजीची तारीख, आत्याचं नाव, खाली 'सप्रेम भेट'. अशा एकवीस वाट्या आणि नऊ तांबे आहेत. त्या मोडीत घातल्या आणि आत्या अजून ठणठणीत असल्या तर काय होईल, हे तुमचं तुम्ही ठरवा.

मुलाला व्हिडिओ कॉल लावा. तो न्यू जर्सीत असतो आणि कमीत कमी वस्तूंत कसं जगावं यावर त्याचा अभ्यास आहे. "बाबा, काय ठेवलंय त्यात, फेकून द्या सगळं," असं तो तिकडच्या रात्री दहा वाजता ठणकावून सांगेल. मग फोन हळूच त्याच्या कोपऱ्याकडे वळवा. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाचा मिनी ड्राफ्टर, शीटा गुंडाळून ठेवायची काळी नळी, जर्नल्सचा गठ्ठा, पाचवीतलं चित्रकलेचं प्रमाणपत्र. "ते राहू द्या. पुढच्या वेळी आलो की बघतो." गेल्या वेळी आला होता तेव्हा त्याने बघितलं होतं. बघून परत ठेवलं होतं.

थर्माकोलचं मखर हा वेगळाच विषय. महाराष्ट्रात 2018 मध्ये थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली आणि तेव्हापासून ते माळ्यावर अज्ञातवासात आहे. गणपतीला मांडता येत नाही, कचऱ्यात द्यावं तर घंटागाडीवाला सगळ्या सोसायटीला ऐकू जाईल असं बोलतो. त्याला जुन्या चादरीत गुंडाळून नव्या घरी न्या. तिथलाही माळा रिकामाच असेल.

तांदळाच्या डब्यात जुन्या पाचशेच्या नोटा सापडल्या तर घाबरू नका, फक्त मोजा. 2017 च्या कायद्याने बाद नोटा दहापर्यंत जवळ ठेवता येतात, त्याच्या वर दंड आहे. तेव्हा दहावी सापडली की शोधकार्य थांबवावं आणि उरलेले डबे न उघडता पॅक करावेत. चार आणे, दहा पैसे वगैरेंना अशी मर्यादा नाही. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी जून 2011 अखेर चलनातून गेली, पण ती बरणीभर असली तरी चालतात. तशी ती आहेतच.

रद्दीवाल्याला शेवटी बोलवा. दिवाळी अंक त्याच्या समोर आणू नका. 1909 साली 'मनोरंजन'ने दिवाळी अंक काढल्यापासून मराठी माणसाने तो वाचून झाल्यावर टाकायचा असतो असं कुठे म्हटलेलं नाही. तुमच्याकडे तीस वर्षांचे आहेत. वाचनालयाला विचारा, तिथल्या बाई अत्यंत नम्रपणे सांगतील की आमच्याकडेच ठेवायला जागा नाही, तुम्हाला हवेत का? तिथून निघताना दोन हातांत दोन गठ्ठे नसले म्हणजे मिळवली.

एवढं करूनही एजंटची हॉल मोकळा दाखवायची हौस फिटत नसेल तर खोकी शेजारच्या जोश्यांकडे ठेवा. त्यांचा फ्लॅट विक्रीला आला की त्यांची तुमच्याकडे. तुम्ही तोवर गेलेले असाल, पण हा मुद्दा त्यांच्याजवळ काढू नये. मग पंधरा वर्षं ठिबकणारा नळ बदला, बाथरूमबाहेरच्या ओलीवर रंगाचा हात मारा, दाराच्या मुठीला अडकवलेले दुधाच्या पिशव्यांचे रबर काढा. घर असं लख्ख झालं की काकू म्हणतील, "आपण असं का नाही ठेवलं कधी?" त्यावर काही बोलू नका. पार्टी येईल: नवरा, बायको, नवऱ्याची आई आणि मोबाइलवरचं होकायंत्र. बाई तुमच्या नव्या नळाजवळ उभ्या राहून ओट्यावर बोटं वाजवतील आणि म्हणतील, "हे सगळं तर तोडूनच टाकायचंय." हसून मान हलवा. पितृपक्षात कुणीही फिरकणार नाही, त्या पंधरवड्यात खोकी परत आणून घ्या, जोश्यांकडे पाहुणे यायचे असतात.

सौदा ठरला की वकील भागपत्र मागेल. सोसायटीचं ते हिरवट, घड्या पडलेलं शेअर सर्टिफिकेट. पन्नास रुपयांचे पाच भाग, एकूण अडीचशे रुपये, आणि त्याच्यावाचून तुमचा दीड कोटीचा व्यवहार पुढे सरकत नाही. 1994 ची गॅस सिलिंडरची पावती तुम्हाला लगेच सापडेल. पहिल्या फ्रिजचं गॅरंटी कार्ड, प्लास्टिकच्या पिशवीत, कोरं करकरीत. लाइटची बिलं सालवार. भागपत्र मात्र ज्या फायलीत होतं ती फाइल जाड, जुनी आणि वरून कोरी होती, आणि सगळ्या आवराआवरीत रद्दीवाल्याच्या काट्यावर गेलेली ती एकच वस्तू.

तरी धीर सोडू नका, यालाही रीत आहे. पोलीस चौकीत हरवल्याची तक्रार द्या, हमीपत्र करून द्या, सोसायटीच्या सेक्रेटरींसमोर थोडा वेळ मान खाली घालून उभे राहा. ते दुय्यम प्रत देतील आणि त्याच बैठकीत हस्तांतर अधिमूल्याचाही, म्हणजे फ्लॅट दुसऱ्याच्या नावावर करताना सोसायटी घेते त्या रकमेचाही, विषय काढतील. सरकारने त्याला महापालिका हद्दीत 25,000 ची कमाल मर्यादा घातली आहे, म्हणून वरच्या रकमेला ते 'ऐच्छिक देणगी' म्हणतील. ती देणं किती ऐच्छिक आहे ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळेल. शिवाय पेपरात जाहीर सूचना छापावी लागेल: सर्व लोकांस कळविण्यात येते की, वगैरे. ज्या दिवशी ती छापून येईल त्या दिवशी त्या पेपरच्या सहा प्रती घ्या. एक सोसायटीला, एक वकिलाला, एक खरेदीदाराच्या बँकेला. उरलेल्या तीन दिवाणात टाका, लागतात कधी कधी.