मॉड कुठे गेला?

चार! उत्तर ४ आहे! शून्य नाही!

कॅल्क्युलेटरवर नवीन फर्मवेअर, म्हणजे त्याचं आतलं सॉफ्टवेअर, टाकलं आणि नेहमीप्रमाणे आधी सिम्बॉलिक, म्हणजे दशांशात न जाता चिन्हांत अचूक उत्तर देणारं गणित, तपासायला घेतलं. एक वजा कॉस वर्ग एक्स, या सगळ्याचं वर्गमूळ, झिरो ते टू-पाय, इंटिग्रेट कर. स्क्रीनवर शून्य. अरे, वर्गमूळ ऋण होतं का कधी? आलेखाच्या दोन्ही कमानी अक्षाच्या वर आहेत, मग क्षेत्रफळ शून्य येईल कुठून? तेच दशांशात विचारलं तर हेच यंत्र ४ सांगतं. एकाच प्रश्नाला दोन उत्तरं, आणि साधी इशाऱ्याची ओळसुद्धा नाही.

कारण लगेच सापडलं. एक्स वर्गाचं वर्गमूळ मागितलं तर नुसतं एक्स येतं. मागच्या आवृत्तीत मॉड एक्स, म्हणजे एक्सची वजा चिन्ह काढून टाकलेली किंमत, यायचं. म्हणजे नीट चालणारी गोष्ट यांनी हात घालून बिघडवली. एक वजा कॉस वर्ग म्हणजे साइन वर्ग, त्याच्या वर्गमुळाचं सरळ साइन एक्स करून टाकलं, त्याचं इंटिग्रेशन वजा कॉस एक्स, दोन्ही टोकांना वजा एक, वजाबाकी शून्य. हीच चूक पोरांनी पेपरात केली की आपण मार्क कापतो. १९९५ मधल्या टीआय-९२ या कॅल्क्युलेटरवर मॉड एक्स येतं हो! तीस वर्षांपूर्वीच्या यंत्राला कळत होतं ते आज का कळत नाही?

कंपनीला सविस्तर लिहिलं, स्क्रीनचे फोटो जोडले. उत्तर काय, तर नवीन पद्धतीने उत्तरं सुटसुटीत दिसतात, एक्स धन असल्याचं गृहीत धरावं. का धरावं? मी सांगितलं होतं का एक्स धन आहे म्हणून? माझ्या डोक्यात गेलंय ते 'सुटसुटीत'.

आणि दर अपडेटला माझ्या सेटिंगना हात का लावता? कोनाचं एकक रेडियनचं डिग्री झालं, साइनच्या डेरिव्हेटिव्हमध्ये पाय भागिले १८० येऊन बसलं. लिहिलेले प्रोग्राम पुसले गेले. अर्ध्याऐवजी चुकून ०.५ टाइप झालं की सगळी राशी दशांशात जाते, ही तक्रार तर जुनीच, तिला कुणी हातही लावलेला नाही. मात्र मेनूला रंगीत थीम आल्या आहेत. कुणी मागितल्या होत्या?

सगळंच सोडवून दे असं कुणी म्हणत नाही. दोन राशी समान आहेत की नाहीत हे दर वेळी ठरवून देणारी पद्धत असूच शकत नाही, हे रिचर्डसन या गणितज्ञाने १९६८ मध्येच सिद्ध केलंय. जमत नसेल तर राशी आहे तशी परत दे, मला राग येणार नाही. पण खोटं उत्तर ठामपणे देऊ नकोस. माझ्यासमोर बसणारी पोरं ते शून्य वहीत उतरवतात आणि माझ्याशीच वाद घालतात, की सर, मशीन सांगतंय.

आणि जुनी आवृत्ती परत टाकायची सोय बंद! मी पैसे मोजून घेतलेल्या यंत्रावर बरोबर चालणारं फर्मवेअर टाकायला मला मनाई. ती वाट आधी उघडा, मॉड परत आणा, मग काय रंग द्यायचे ते द्या. लिमिट आणि मॅट्रिक्स अजून तपासायच्याच आहेत.