'एकदा विकलेला माल' आणि जुना फिल्म कॅमेरा

फिल्म कॅमेऱ्याचं वेड परत आल्यापासून एक मेसेज दर दोन-चार महिन्यांनी माझ्या फोनवर येऊन पडतो. या वेळी भाच्याने पाठवला, खाली प्रश्न, "मामा, खरंय का?" मजकूर थोडक्यात असा: 'जुना फिल्म कॅमेरा डीलरकडून घेऊ नका. मेकॅनिकल कॅमेऱ्याला वॉरंटी लागतच नाही, तो पन्नास वर्षं चाललाय. डीलर तीनच महिन्यांची वॉरंटी देतो, म्हणजे त्यालाच मालाचा भरवसा नाही. सेकंडहँड वस्तूला ग्राहक कायदा लागू नसतो, त्यामुळे तो कागद शोभेचा. तोच कॅमेरा ऑनलाइन निम्म्या किमतीत मिळतो.'

भाच्याला फोनवर जे सांगितलं तेच जरा सविस्तर लिहितो.

'मेकॅनिकल कॅमेरा पन्नास वर्षं चाललाय.' चाललेला नाही, निम्मा काळ कपाटात पडून आहे. डिजिटल आल्यावर घरोघरचे कॅमेरे चामड्याच्या केसमध्ये गेले ते आता बाहेर येताहेत. आणि यंत्राला वापरापेक्षा पडून राहणं जास्त बाधतं. पेंटॅक्स के१००० (१९७६) किंवा निकॉन एफएम२ (१९८२) सेल नसतानाही फोटो काढतात, सेल लागतो तो फक्त प्रकाश मोजणाऱ्या मीटरला. हा समज तिथूनच आला असणार. पण 'चालतो' म्हणताना आपण काय बघतो? बटण दाबलं, खट् वाजलं, झालं.

त्या खट्‌मध्ये बरंच काही लपतं. १/१००० सेकंदाच्या स्पीडला शटरचे, म्हणजे फिल्मवर प्रकाश सोडणाऱ्या झडपेचे, दोन पडदे एकामागून एक धावतात आणि त्यांच्यात जेमतेम चिंचोळी फट असते. पहिला पडदा सुस्त झाला की दुसरा त्याला वाटेतच गाठतो आणि फोटोची एक कड काळी येते. कानाला काही कळत नाही. उलट एक सेकंदाच्या स्पीडला आतलं तेल सुकलेलं असलं की शटर रेंगाळतं, कधी अर्ध्यातच अडकतं. मागच्या झाकणाच्या खोबणीतला प्रकाश अडवणारा फोम, म्हणजे लाइट सील, इतक्या वर्षांत डांबरासारखा चिकट होतो किंवा त्याचा भुगा पडतो, मग प्रकाश आत शिरून रंगीत फिल्मवर नारिंगी पट्टे उमटतात. शिवाय आपली दमट हवा. मुंबई-कोकणात चार पावसाळे बंद केसमध्ये काढलेल्या लेन्सवर फंगसची जाळी नसेल तर नवल. फंगस काचेवरचं कोटिंग खात गेली असेल तर पुसून काच स्वच्छ होते, डाग राहतो.

गंमत म्हणजे, हा मेसेज पाठवणाऱ्यांच्या मनात बहुधा असतो कॅनन एई-१. तोही १९७६चाच, पण त्याचं शटर इलेक्ट्रॉनिक आहे. सहा व्होल्टचा सेल घातला नाही तर बटण दाबून काहीही होत नाही. आरशाच्या यंत्रणेतलं तेल सुकलं की तो प्रत्येक फोटोला दम लागल्यासारखी शिट्टी मारतो. यशिका इलेक्ट्रो ३५ तर ज्या पाऱ्याच्या सेलवर चालायचा तो सेलच आता बनत नाही, अॅडॉप्टर बसवून काम भागवावं लागतं.

'तीनच महिने.' भाऊ, अशा जुन्या कॅमेऱ्याला आता कंपनीही वॉरंटी देत नाही. कॅननने शेवटच्या फिल्म एसएलआरची (आरशातून लेन्समधलंच दृश्य दाखवणारा कॅमेरा), ईओएस-१व्हीची, विक्री २०१८मध्ये थांबवली. निकॉनने एफ६ २०२०मध्ये बंद केला. चाळीस वर्षांपूर्वीच्या मॉडेलचा सुटा भाग हवा तर दुसरा मेलेला कॅमेरा उघडावा लागतो. अशा मालाला दोन वर्षांची हमी देणारा डीलर मला जास्त संशयास्पद वाटेल. तीन महिने म्हणजे तो म्हणतोय, मी उघडून साफ केलाय, स्पीड मोजलेत, माझ्या कामात खोट असेल तर एवढ्या दिवसांत दिसेल.

ती दिसण्यासाठी रोल मात्र घालायला हवा, आणि इथे आम्ही गिऱ्हाईकच कच्चे. मी एक रेंजफाइंडर (लेन्सऐवजी वेगळ्या खिडकीतून बघून फोकस करायचा कॅमेरा) घेतला, नव्वद दिवसांची लेखी वॉरंटी होती. पहिला छत्तीसचा रोल पुरवून पुरवून वापरला: गणपती, कोजागिरी, मग दिवाळी. धुवून आला तेव्हा चौथा महिना चालू होता आणि निम्म्या फ्रेम एकमेकींवर चढलेल्या. दुकानदाराने हात वर केले. राग आला, पण आजही त्याला दोष देता येत नाही. भाच्याला म्हणून सांगितलं, पहिला रोल पहिल्याच आठवड्यात उडव. सगळे स्पीड, सगळे अॅपर्चर (लेन्सच्या छिद्राचे आकार), समोर भिंत असली तरी चालेल. रोल, धुलाई, स्कॅन धरून हजाराच्या वर जातात, ते कॅमेऱ्याच्याच किमतीत धर.

'कायदा लागू नाही.' हे साफ खोटं आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मधल्या ग्राहकाच्या व्याख्येत वस्तू नवीच हवी असं कुठेही नाही. स्वतःच्या वापरासाठी मोबदला देऊन घेतली की तुम्ही ग्राहक. बिल न देणं ही याच कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. म्हणजे 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' या छापील ओळीने सदोष मालाची जबाबदारी झटकता येत नाही. तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, आणि तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते.

मात्र मेसेजवाल्याची थोडी बाजू घेतो. १९३०च्या वस्तू विक्री कायद्यात म्हटलंय की माल तपासून घेतला असेल, तर तपासताना दिसायलाच हवा होता असा दोष नंतर पुढे करता येत नाही. लेन्सची फंगस टॉर्च धरली की दिसते, ती तुमच्या गळ्यात. पडद्याचा वेग डोळ्यांना दिसत नाही, तिथे तुमची बाजू भक्कम. बिलावर 'जसा आहे तसा' लिहिलेलं तुम्ही मान्य केलंत तर तीही लंगडी पडते. आणि 'काही झालं तर या, मी इथेच आहे' ही वॉरंटी नाही.

'ऑनलाइन निम्म्या किमतीत.' मिळतो, खरं आहे. पण 'अनटेस्टेड' याचा अर्थ बहुतेकदा टेस्ट करून झालंय आणि निकाल सांगायचा नाही, असा घ्यावा. जपानी विक्रेत्यांच्या 'एक्सलंट'पुढची पाच अधिक चिन्हं (+++++) कॅमेऱ्याच्या नुसत्या कातडीची असतात, खाली बारीक अक्षरात 'किंचित फंगस' असतंच. वर कस्टम्स, वर इथल्या कारागिराकडची सर्व्हिसिंग. घरातला कॅमेरा विकणारा एखादा गृहस्थ असेल तर तो व्यापारी नाही, त्यामुळे ग्राहक आयोगाचा रस्ताही बंद. ज्याला स्वतः झाकण उघडून फोम बदलता येतो त्याने खुशाल तिथून घ्यावा, मीही घेतो.

भाच्याने शेवटी मुंबईच्या फोर्टातल्या एका दुकानातून के१००० घेतला. बिलावर सीरियल नंबर, 'शटर, मीटर, लाइट सील : ९० दिवस' असं लिहून मागितलं. दुकानदार आधी कुरकुरला, मग 'मीटर' खोडून साठ दिवस केलं आणि सही केली.