आफ्रिकेतल्या खेड्यात शाळा बांधली की गाव शिकतं? एका लोकप्रिय आवाहनाचा प्रतिवाद

देणगीच्या आवाहनांत आणि व्हॉट्सॲपवर एक मजकूर वेगवेगळ्या रूपांत फिरत असतो. त्याचा गाभा असा: आफ्रिकेतल्या खेड्यातली मुलं शिकत नाहीत कारण तिथं शाळाच नाही; एक इमारत बांधून द्या, पुस्तकं आणि टॅब्लेट पाठवा; मूल वर्गात बसलं की पुढचं आपोआप होतं; मुलींच्या आईबापांना शिक्षणाचं महत्त्व पटवा; आणि पैसे द्यायचे तर व्यवस्थापन खर्च शून्य असलेल्या संस्थेलाच द्या. हेतू चांगला आहे. पण यातले बहुतेक दावे गेल्या तीसेक वर्षांत प्रत्यक्ष तपासले गेलेत आणि त्यातले फार थोडे टिकलेत. आफ्रिका म्हणजे ५४ देश, तेव्हा खाली ज्या देशाचं उदाहरण आहे त्याचंच नाव दिलंय.

"शाळाच नाही, इमारत बांधा"

मलावीने १९९४ मध्ये, युगांडाने १९९७ मध्ये आणि केनियाने २००३ मध्ये प्राथमिक शाळेची फी रद्द केली. मलावीत पट सुमारे १९ लाखांवरून एकदम ३० लाखांच्या घरात गेला. मुलं आली, कमी पडले ते शिक्षक, वर्ग आणि फळे. झांबियाने २०२२ पासून सरकारी शाळांत बारावीपर्यंतची फी काढल्यावर तिथंही गर्दीचाच प्रश्न पुढे आला.

दूरच्या वस्त्यांत शाळा नसते हे खरं आहे आणि तिथं बांधकामाचा उपयोगही होतो. बुर्किना फासोत १३२ गावांत शाळा बांधल्या गेल्या आणि पटनोंदणी सुमारे २० टक्के-बिंदूंनी (शंभर मुलांमागे वीसेक) वाढली. पण त्या कामात वर्गखोल्यांबरोबर शिक्षकांची घरं, मुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं, पाण्याची सोय, लहान भावंडांसाठी पाळणाघर आणि नियमित येणाऱ्या मुलींना घरी न्यायचा शिधा एवढं सगळं होतं. फॉरवर्डमध्ये यातली फक्त इमारत उरते.

ग्रामीण शाळेत शिक्षक टिकायचा तर त्याला राहायला घर लागतं, नाहीतर बदलीचा अर्ज पहिल्याच वर्षी जातो. स्वच्छतागृहांचं जागतिक आरोग्य संघटनेचं माप २५ मुलींमागे एक आणि ५० मुलांमागे एक (शिवाय मुतारी) असं आहे. ४०० पटाच्या शाळेला, निम्म्या मुली धरल्या, तर मुलींसाठीच आठ लागतात. देणगीच्या फोटोत बहुधा दोन दिसतात.

पाण्याचीही तीच गत. झांबियातल्या असंख्य शाळांत जो हापसा असतो तो 'इंडिया मार्क २', ज्याचं मूळ जालना-सोलापूरकडच्या पंपांत आहे. पंप दणकट आहे, पण सिलिंडरमधले वॉशर झिजतात आणि ते बदलायला खालचे लोखंडी पाइप एकेक करून वर ओढावे लागतात. त्याला विशिष्ट अवजारं आणि तीन-चार माणसं लागतात. गावात तसं शिकलेलं कोणी नसेल आणि सुट्या भागांसाठी वर्गणीची पेटी नसेल, तर काही डॉलरच्या वॉशरपायी अख्खी बोअर बंद पडते. पाणी भरायला मग मुलीच लांब जातात, आणि शाळेचा पहिला तास त्यांचाच बुडतो.

"पुस्तकं आणि टॅब्लेट पाठवा"

पश्चिम केनियात १९९०च्या दशकात हे मोजलं गेलं. काही शाळांना पाठ्यपुस्तकं दिली, काहींना नाही, आणि निकाल ताडून पाहिले. सरासरी गुणांत फरक पडला नाही. फायदा झाला तो आधीपासून वर्गात पुढे असलेल्या मुलांना. कारण साधं होतं. पुस्तकं इंग्रजीत होती आणि इंग्रजी ही तिथल्या कित्येक मुलांची घरची बोली आणि स्वाहिली यांच्यानंतरची तिसरी भाषा.

परदेशातल्या जुन्या पुस्तकांचा कंटेनर हा तर आणखी महागडा उपकार. मलावी किंवा झांबियाला किनारा नाही. कंटेनर बैरा किंवा दार-ए-सलामला उतरतो, तिथून पुढे जकात, बंदरावर मुक्काम वाढला तर दंड आणि शेकडो किलोमीटरचा ट्रक. एवढं करून हाती येतात ती दुसऱ्याच देशाच्या अभ्यासक्रमाची पुस्तकं. त्याच पैशात चिन्यांजा किंवा चितोंगा या तिथल्या भाषांतल्या गोष्टींच्या पातळ पुस्तिका तिथल्या तिथं छापून होतात.

टॅब्लेटबद्दल एकच उदाहरण पुरे. २०२० मध्ये शाळा बंद असताना बोट्स्वानात पालकांच्या साध्या फोनवर आठवडी गणिताचा मेसेज आणि वीसेक मिनिटांचा कॉल, असं आठ आठवडे केलं. मुलांचं गणित सुधारलं. ज्यांना नुसते मेसेज गेले त्यांच्यात तो फरक दिसला नाही. म्हणजे काम केलं ते कॉल करणाऱ्या माणसाने.

"मूल वर्गात बसलं की शिकतं"

हा दावा सहसा कोणी स्पष्ट लिहीत नाही, पण बाकी सगळा मजकूर याच्यावरच उभा आहे. जागतिक बँकेच्या २०२२ च्या अंदाजानुसार सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत दहा वर्षांच्या दहापैकी जवळपास नऊ मुलांना साधा मजकूर वाचून कळत नाही. त्यातली बरीच मुलं शाळेत जातात. शिक्षक पाचवीचा अभ्यासक्रम पुढे रेटतो आणि वर्गातली निम्मीअधिक मुलं दुसरीच्या पातळीवर अडकलेली असतात.

यावरचा जो उपाय सर्वांत नीट तपासला गेला, तो मुंबईतून तिकडे गेलाय. १९९५ मध्ये मुंबईच्या वस्त्यांत काम सुरू केलेल्या 'प्रथम'ची ही पद्धत. झांबियाच्या शिक्षण मंत्रालयाने ती २०१६ पासून 'कॅच अप' नावाने तिसरी ते पाचवीच्या मुलांसाठी, सुरुवातीला ८० शाळांत, वापरून पाहिली आणि मग वाढवली. तिचं तत्त्व असं.

आधी प्रत्येक मुलाची तोंडी चाचणी, एकट्याची, इतरांपासून बाजूला बसवून. समोर सोप्या चार ओळींचा परिच्छेद ठेवायचा. तो सलग वाचता आला तर मोठी गोष्ट द्यायची. अडखळलं तर सुटे शब्द. पाचांतले चार आले तर मूल 'शब्द' पातळीचं. तेही नाही जमलं तर अक्षरं, पुन्हा पाचांतली चार. एका मुलाला काही मिनिटं पुरतात. मग इयत्ता बाजूला ठेवून पातळीप्रमाणे गट करायचे आणि ठरलेला वेळ त्या गटातच शिकवायचं, तिथल्या भाषेत. तिथल्या बांटू कुळातल्या भाषांत व्यंजनानंतर स्वर जवळजवळ नेमाने येतो, त्यामुळे बा, बे, बी, बो, बू असा तक्ता आपल्या बाराखडीसारखाच चालतो. मात्र शब्द लांबलचक असतात, म्हणून तक्त्यावरून थेट शब्दांवर उडी घेतली की मुलं गळतात. मध्ये दोन-तीन अक्षरी शब्दांचा टप्पा ठेवावा लागतो. गणिताला काड्या आणि दहा-दहाचे गठ्ठे. त्याला खर्च जवळजवळ नाही.

बिघडतं कुठे, तेही ठरलेलं आहे. चाचणी घाईत सामूहिक घेतली जाते आणि मागची मुलं पुढच्यांचं ऐकून म्हणतात. गट पहिल्या आठवड्यात पडतात आणि वर्षभर तेच राहतात. मूल पुढे सरकलं तरी गट बदलत नाही. सर्वांत अनुभवी शिक्षक गोष्ट वाचणाऱ्या गटाला मिळतो आणि अक्षरवाल्यांना नवखा, खरं तर उलटं हवं. आणि शिक्षकांना साथ देणाऱ्या मार्गदर्शकाचं शाळेत फिरकणं बंद झालं की दोन-तीन महिन्यांत वर्ग जुन्या वळणावर जातो.

जंतनाशक गोळ्यांबद्दलही इथेच सांगायला हवं, कारण त्यांचा हवाला खूप दिला जातो. केनियातल्या बुसियात त्यांनी गैरहजेरी सुमारे पाव भागाने कमी केली. परीक्षेतले गुण मात्र वाढले नाहीत. २०१५ मध्ये त्या आकडेमोडीवर मोठा वादही झाला. गोळी स्वस्त आहे, द्यावी. पण ती शिकवत नाही.

"आईबापांनाच मुलींना शिकवायचं नसतं"

ब्रिटनच्या ॲन कॉटन १९९१ मध्ये झिम्बाब्वेतल्या मोला या गावी गेल्या, त्या हेच गृहीत धरून. तिथे दिसलं वेगळंच: पैसा एकालाच पुरत होता, आणि नोकरी मिळण्याची शक्यता मुलाला जास्त म्हणून तो मुलाला जात होता. यातून १९९३ मध्ये ३२ मुलींपासून 'कॅम्फेड' ही संस्था सुरू झाली. फी, गणवेश, बूट, वह्या, वसतिगृह हा सगळा हिशेब धरला जातो, कारण फी भरूनही बुटांअभावी शाळा सुटते. पश्चिम केनियात तर नुसता मोफत गणवेश दिल्याने गळती आणि किशोरवयातली गर्भारपणं दोन्ही कमी झाल्याचं मोजलं गेलंय. शिकून बाहेर पडलेल्या मुली पुढे त्याच शाळांत मार्गदर्शक म्हणून येतात. त्यांना धंद्यासाठी बिनव्याजी कर्ज मिळतं आणि व्याजाऐवजी त्या शाळेत वेळ देतात. बदल टिकतो तो अशा व्यवस्थेने. जनजागृतीच्या पोस्टरने आईच्या हातात फीचे पैसे येत नाहीत.

"व्यवस्थापन खर्च शून्य हवा"

वर सांगितलेल्या 'कॅच अप'सारख्या वर्गासाठी मार्गदर्शकाची मोटारसायकल, पेट्रोल, चाचणीचे कागद आणि आकडे भरणारा माणूस, हे सगळं हिशेबात 'व्यवस्थापन' म्हणून पडतं. इमारतीच्या विटा 'प्रत्यक्ष मदत'. केनियात कंत्राटी शिक्षकांची एकच योजना काही शाळांत 'वर्ल्ड व्हिजन' या स्वयंसेवी संस्थेने राबवली, काही शाळांत सरकारने. पहिल्या शाळांत गुण वाढले, दुसऱ्या शाळांत काहीच नाही. पगार उशिरा आणि देखरेख ढिली, ही त्यामागची मुख्य कारणं दिली जातात. म्हणजे फरक पडला तो ज्याला आपण 'वरखर्च' म्हणतो त्यानेच.

तेव्हा संस्थेला टक्केवारी विचारण्यापेक्षा हे विचारा: मुलांची चाचणी वर्षातून कितीदा आणि कोण घेतं? कोणत्या भाषेत शिकवता? मार्गदर्शक एका शाळेत महिन्याला किती वेळा जातो? गेल्या सत्रात किती मुलं अक्षरांवरून शब्दांवर गेली, आणि जी गेली नाहीत त्यांचं काय केलं? हापसा बंद पडला तर तो कोण उघडतं? नीट काम करणाऱ्या संस्थेकडे याची उत्तरं तयार असतात, आणि त्यात काही आकडे वाईटही असतात.