‘हमिंग थांबत नाही, चेसिसला शॉक बसतो’: ट्यूब प्रीअँप किटच्या दोन स्टार रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

रिव्ह्यू पूर्ण वाचला, चारही फोटो मोठे करून बघितले. तुमचं म्हणणं असं: प्रीअँप (सीडी प्लेअर आणि पॉवर अँपच्या मध्ये बसून सिग्नल वाढवणारा सेट) जोडला की स्पीकरमधून सतत घुंऽऽ येतं. अर्थिंगची वायर काढल्यावर ते कमी झालं, पण आता चेसिसला, म्हणजे पत्र्याच्या डब्याला, हात लावला की झिणझिण्या येतात. उजवी ट्यूब (काचेचा व्हॉल्व्ह) मंद पेटते आणि त्या बाजूचा आवाज चिरका येतो. व्हॉल्यूम जरा फिरवला की आवाज एकदम भडकतो, एक रेझिस्टर काळा पडला, आणि शेवटी ‘वापरलेली ट्यूब गळ्यात मारली’.

बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल, आधी प्लग काढा. अर्थिंगची हिरवी वायर चेसिसच्या बोल्टला परत आवळेपर्यंत सेट चालू करू नका. आत्ता ज्या झिणझिण्या येतात त्या ट्रान्सफॉर्मरमधून झिरपणाऱ्या थोड्याशा करंटच्या आहेत. पण उद्या त्याच्या प्रायमरीच्या, म्हणजे मेन्सकडच्या, वायरचं आवरण चेसिसच्या भोकाच्या कडेला घासून सोललं, तर त्याच पत्र्यावर थेट २३० व्होल्ट येतील. अर्थिंग असेल तर त्या क्षणी २५० मिलिअँपिअरचा फ्यूज उडतो. अर्थिंग नसेल तर फ्यूज तसाच राहतो आणि करंट हात लावणाऱ्याच्या अंगातून जातो. घरातल्या सॉकेटची अर्थिंगही बघून घ्या. मीटरवर फेज ते अर्थ साधारण २३० आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-चार व्होल्टच्या आत यायला हवं. तसं येत नसेल तर वायरमनला बोलवा.

आता हमिंगबद्दल. अर्थिंग काढल्यावर घुंऽऽ कमी झालं, यातच दोष कुठे आहे ते कळतं. तुमच्या पॉवर अँपलाही (स्पीकर चालवणाऱ्या अँपलाही) तीन पिनांचा प्लग आहे. म्हणजे अर्थिंग दोन्हीकडून आली आणि मधल्या आरसीए केबलच्या (सिग्नलच्या केबलच्या) बाहेरच्या जाळीने दोन्ही टोकं जोडली, झाला फेरा पूर्ण. त्या जाळीतून थोडा जरी करंट फिरला तरी तिच्यावर काही मिलिव्होल्ट तयार होतात आणि पॉवर अँप तेच वाढवून स्पीकरला देतो. हा फेरा तोडायचा तो सिग्नल ग्राउंड (सिग्नलची शून्य व्होल्टची बाजू) आणि चेसिस यांच्या मध्ये. त्यासाठी किटमध्ये १० ओहमचा १ वॅटचा रेझिस्टर, त्याला समांतर ०.१ मायक्रोफॅरड आणि उलटसुलट जोडायचे दोन १एन५४०८ डायोड दिलेत. तुम्ही ते लावलेत, डागही (सोल्डरिंग) स्वच्छ आहेत. पण दुसऱ्या फोटोत डाव्या इनपुट जॅकखाली फायबरचा, वीज अडवणारा वॉशर दिसत नाही. जॅकची बाहेरची कडी थेट पत्र्याला टेकली आहे, त्यामुळे तो १० ओहम असून नसल्यासारखा झाला.

खात्री अशी करा: सगळ्या केबली काढा, मीटर ओहमवर ठेवा, एक टोक जॅकच्या कडीला आणि एक चेसिसला लावा. साधारण १० यायला हवेत. शून्य आलं तर एकेक जॅक सैल करत जा, १० दिसायला लागले की तोच जॅक दोषी. ही चूक आमच्याही माहितीपत्रकाची आहे. त्यात ‘चारही जॅक बसवावेत’ एवढंच लिहिलंय; वॉशर दोन्ही बाजूंनी हवेत आणि बसवल्यावर मोजून बघायचं, हे लिहायला हवं होतं. नव्या छपाईत ते येईल.

यानंतरही थोडी गुणगुण उरली तर व्हॉल्यूम पूर्ण शून्यावर आणा. आवाज गेला तर दोष पॉटच्या (व्हॉल्यूमच्या बटणामागच्या बदलत्या रेझिस्टरच्या) अलीकडे, म्हणजे इनपुटच्या वायरीत. शून्यावरही राहिला तर पलीकडे, म्हणजे हीटर (ट्यूब तापवणारी तार) किंवा पॉवर सप्लाय. जाड, खालच्या पट्टीतलं घुंऽऽ ५० हर्ट्झचं असतं, त्यासाठी हीटरच्या वायरींचा पीळ घट्ट करा आणि त्या पत्र्याच्या कोपऱ्यातून न्या. धारदार झुंऽऽ १०० हर्ट्झचं असतं, तेव्हा ४७ मायक्रोफॅरड ४५० व्होल्टच्या कपॅसिटरचे डाग तपासा.

मंद ट्यूबबद्दल तुम्ही स्वतःच आकडे दिलेत ते बरं झालं: डाव्या ट्यूबच्या १ नंबर पिनवर, म्हणजे प्लेटवर (जिथे ट्यूबमधला करंट गोळा होतो), १२२ व्होल्ट, उजव्या ट्यूबच्या २१८. डावा आकडा अगदी बरोबर आहे. आपल्या सर्किटमध्ये २५० व्होल्टवर, ४७ के (किलोओहम) प्लेट रेझिस्टरमधून सुमारे २.७ मिलिअँपिअर वाहतात आणि प्लेटवर १२० ते १२५ उरतात. कॅथोडला (तापल्यावर इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागाला), म्हणजे ३ नंबरला, ४ व्होल्टच्या आसपास. उजवीकडे २१८ म्हणजे ट्यूबमधून करंटच नीट जात नाही. कारण तिसऱ्या फोटोत आहे. उजव्या सॉकेटला हीटरची एक वायर ४ वर आणि दुसरी ५ वर लावलीय, ९ नंबर मोकळा. १२एयू७ मध्ये, म्हणजे किटमधल्या ट्यूबमध्ये, ४ आणि ५ ही हीटरची दोन टोकं, ९ हा मधला सांधा. ६.३ व्होल्टवर चालवताना ४ आणि ५ एकत्र जोडून एक वायर तिथे, दुसरी ९ वर. तुमच्या जोडणीत दोन्ही हीटर सिरीजमध्ये गेले आणि प्रत्येकाला जेमतेम ३.१५ व्होल्ट मिळतात. कॅथोड पुरेसा तापतच नाही, म्हणून उजेड मंद आणि आवाज चिरका. पिना मोजताना सॉकेट खालून बघायचा, जिथे मोठी फट आहे तिथून घड्याळाच्या दिशेने १ ते ९.

ट्यूब आम्ही नवीच दिली होती आणि ती ठीक आहे असं आम्हाला वाटतं. सेट बंद करून, ट्यूब गार होऊ देऊन, डावी-उजवी अदलाबदल करा. दोष उजवीकडेच राहिला तर दोष जोडणीचा. ट्यूबबरोबर दोष डावीकडे गेला तर ट्यूब आमची, बदलून देऊ.

वायर बदलण्याआधी प्लग काढून दोन मिनिटं थांबाच. ट्यूब गार असल्या तर त्यांच्यातून करंट जात नाही; कपॅसिटर रिकामे करायला २२० के आणि ४७ के या रेझिस्टरची जोडीच उरते, तिला दीडेक मिनिट लागतं. मग मीटर डीसी व्होल्टवर ठेवून मोजा, आकडा २० च्या खाली आल्यावरच हात घाला, आणि तोही एकच हात.

व्हॉल्यूमच्या बाबतीत चूक आमची. पॉटवर बी१००के छापलेलं दिसतंय, तो लिनिअर आहे, म्हणजे सुरुवातीलाच आवाज झपकन चढवतो. यादीप्रमाणे ए१००के, लॉग (कानाला हळूहळू चढणारा), जायला हवा होता. पाकिटं भरताना अदलाबदल झाली, माफ करा. नवा पॉट आज कुरिअरने निघतो, पैसे नाहीत. त्यातही तुमचा सीडी प्लेअर २ व्होल्ट देतो आणि प्रीअँप सुमारे ९ पट वाढवतो, एवढी गरज तुमच्या अँपला नाही. म्हणून पाकिटात २२० के चे दोन रेझिस्टर टाकलेत. प्रत्येक चॅनेलला एक, इनपुट जॅक आणि पॉटच्या मध्ये लावा. आवाज साधारण १० डेसिबलने उतरेल आणि पॉट अर्ध्यापर्यंत आरामात फिरवता येईल.

काळा पडलेला रेझिस्टर मात्र आमचा नाही. पिवळा-जांभळा-नारिंगी पट्टे बरोबर आहेत, किंमत ४७ के च आहे, पण आकार पाव वॅटचा दिसतोय. किटमधला बोटाच्या पेराच्या निम्म्याएवढा लांब, १ वॅटचा आहे. त्या जागी सुमारे ०.३४ वॅट उष्णता तयार होते, पाव वॅटचा तिथे भाजणारच. बहुधा मूळचा पाय तुटला म्हणून घरातला लावला असेल. १ वॅटचे दोन पाठवतोय. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये बंद कपाटात सेट ठेवणार असाल तर तो बोर्डपासून थोडा उचलून डाग द्या, हवा खेळती राहील.

खालच्या मजल्यावर यंत्रमाग आहेत आणि अधूनमधून ‘टक्’ असा आवाज येतो, असंही तुम्ही लिहिलंय. मागाची मोटर सुरू-बंद होतानाचा झटका लाइनमधून येतो. ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर ०.१ मायक्रोफॅरडचा २७५ व्होल्ट एसीचा एक्स२ (मेन्सवर लावायच्या सुरक्षित प्रकारचा) कपॅसिटर लावा; साधा डिस्क कपॅसिटर तिथे अजिबात नको. रात्री माग थांबल्यावर लाइन किती चढते तेही एकदा मोजा. २५० झाली तर हीटरवर ६.८५ व्होल्ट येतात, ते चालतं. त्याहून वर जात असेल तर हीटरच्या एका वायरीत ०.४७ ओहम, २ वॅटचा लावा, पाव व्होल्टभर उतरेल.

सगळं करूनही अडलंच तर सेट दुकानात घेऊन या. येताना ट्यूब काढून वेगळ्या गुंडाळा आणि पॉवर अँपला जोडायची आरसीए केबलही आणा, कारण केबलची जाळी एका टोकाला तुटली असेल तरीही असंच घुंऽऽ येतं.