सुजेआधीची दगडी : एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार. 'कास सुजली की हाताला कळतं. हॅप्टोग्लोबिन न् मॅलोनडायअल्डिहाइड ऐकून सिन्नरच्या शेतकऱ्याने काय करायचं? त्यापेक्षा अँटिऑक्सिडंट पावडर सुचवा,' असं तुम्ही माझ्या आधीच्या लिखाणावर कळवलंत. हॅप्टोग्लोबिन हे दाह झाला की रक्तात वाढणारं प्रथिन, आणि मॅलोनडायअल्डिहाइड हा चरबी नासली की उरणारा पदार्थ. यांची तपासणी गोठ्यात होत नाही, हे अगदी खरं. पण हाताला कळते ती उघड दगडी, म्हणजे उघड कासदाह. सुप्त दगडीत कास मऊ असते, दूध पांढरंशुभ्र असतं, गाय वैरण खाते, आणि एका मिलिलिटर दुधात गाईच्या शरीरातल्या, मुख्यतः पांढऱ्या, पेशी मात्र 2 लाखांच्या वर गेलेल्या असतात. निरोगी गाईच्या रक्तात हॅप्टोग्लोबिन जवळजवळ नसतंच, म्हणून ते वाढलं की दाह आहे हे समजतं. माणसात दाह ओळखायला रक्तातलं सीआरपी हे प्रथिन पाहतात, ते गाईत इतकं उपयोगी नाही. गोठ्यात यासाठी सीएमटी (कॅलिफोर्निया मास्टायटिस टेस्ट) ही दुधाची तपासणी आहे. तिचं द्रावण पेशी फोडतं, आतला डीएनए बाहेर येतो आणि दूध चिकट होतं. एवढी तपासणी तरी प्रत्येकाने करावी, असं मला मनापासून वाटतं.

पावडरीचं मात्र पटत नाही. जंतू सडातून आत शिरले की पांढऱ्या पेशी सुपरऑक्साइड हा ऑक्सिजनचा अतिक्रियाशील प्रकार सोडतात, त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड होतं आणि मायलोपेरॉक्सिडेज हे विकर त्यातून हायपोक्लोरस आम्ल बनवतं. पाण्याच्या टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकल्यावर जंतू मारतं तेच हे रसायन. म्हणजे ज्याला आपण ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतो आणि जो कमी करायला अँटिऑक्सिडंट देतात, तो काही अंशी गाईचं हत्यारच आहे. त्यात कासेच्या पेशींच्या आवरणातली चरबीही नासते आणि मॅलोनडायअल्डिहाइड उरतं. ते वाढलेलं दिसलं तर नुकसान झालंय एवढं कळतं; जंतू कोणता, हे कल्चरच, म्हणजे दुधातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहणंच, सांगतं. जंतू कासेत तसाच ठेवून पावडर चारली, तर उपचाराचे दिवस वाया जातात.

सेलेनियम आणि ई जीवनसत्त्व कमी पडलं, तर विण्याच्या सुमारास दगडीचा धोका वाढतो, हे खरंय. ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज या विकराला सेलेनियम लागतंच. पण ती कमतरता खनिज मिश्रणातून, मापात भरायची. सेलेनियम जास्त झालं तर विषबाधा होते.

तुमच्या गाईचं एका सडाचं दूध उतरलंय, असं तुम्ही लिहिलंय. कृपा करून पावडरीवर थांबू नका. प्रतिजैविक सुरू करण्याआधी तो सड स्पिरिटने पुसा, पहिल्या धारा सोडून द्या, निर्जंतुक बाटलीत दूध घ्या. नाशिकला प्रयोगशाळेत नेताना बाटली बर्फात ठेवा, या उन्हात नमुना टिकणार नाही.