यंत्राच्या हुकमतीवरचे मांडणशिल्प: होतकरू कलावंतांसाठी काही सूचना

कृत्रिम बुद्धिमत्ता माणसाचे निर्णय आणि माणसाचे काम कसे आपल्या मुठीत घेत आहे, हे दाखवणारे एखादे संवादी मांडणशिल्प, म्हणजे दालनात वस्तू मांडून घडवलेली आणि प्रेक्षकाला प्रतिसाद देणारी कलाकृती, उभारण्याचे आपण मनावर घेतले असेल, तर आधी आपले अभिनंदन केले पाहिजे. या विषयाला सध्या अनुदान मिळते, कलादालनात मोक्याची जागा मिळते आणि उद्घाटनाच्या संध्याकाळी नंदीबैलासारखी मान डोलावणारे रसिकही हमखास मिळतात. इतकी अनुकूलता असताना निव्वळ अतिअभ्यासापायी काम बिघडू नये, एवढ्याच सद्हेतूने हे लिहीत आहे.

अभ्यासाला लागलात की लगेच ध्यानात येते, की यंत्राची खरी हुकमत दिसायला अत्यंत नीरस असते. नेदरलँड्समध्ये करखात्याने बालसंगोपन भत्ता घेणाऱ्या हजारो पालकांवर फसवणुकीचा शिक्का मारला, अर्जांची जोखीम ठरवणाऱ्या संगणकप्रणालीने अर्जदाराचे नागरिकत्वही हिशेबात धरले, वसुलीच्या तगाद्याने कित्येक कुटुंबे कर्जात बुडाली आणि प्रकरण इतके चिघळले की जानेवारी २०२१ मध्ये अख्ख्या मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला. पण या साऱ्यात डोळ्यांना दिसण्यासारखे काय होते? एक अर्ज, एक गुणांक आणि घरी आलेले एक पत्र. पत्रापुढे उभे राहून कोणी सेल्फी काढत नाही. तेव्हा अर्ज, गुणांक, आदल्या रात्री बदललेले कामाच्या पाळीचे वेळापत्रक, ‘आपली निवड होऊ शकली नाही’ असा आपोआप आलेला संदेश, असल्या रटाळ गोष्टी दाराबाहेरच ठेवाव्यात आणि आत अंधार करून एक मोठा लाल डोळा लावावा.

डोळा लालच असावा. निळा डोळा बँकेच्या जाहिरातीसारखा दिसतो आणि हिरवा असला तर प्रेक्षक तो बाहेर पडण्याचा मार्ग समजून तिकडे चालू लागतात. डोळ्याच्या जोडीला एखादा यंत्रहात परवडत असेल तर सोन्याहून पिवळे. सुन युआन आणि पेंग यू या कलावंतद्वयाने २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात कारखान्यातला एक यंत्रहात पारदर्शक भिंतींआड बसवला होता आणि जमिनीवर पसरत जाणारा दाट लाल द्रव पुन्हा पुन्हा आपल्याजवळ ओढून घेण्याचे काम त्याला लावून दिले होते. पुढे त्याच्या चित्रफिती जगभर फिरल्या आणि त्या बिचाऱ्या यंत्राच्या थकव्याने असंख्य लोकांच्या डोळ्यांत पाणी आले. यातून घेण्यासारखा धडा असा, की फरशी पुसणाऱ्या यंत्राला सहानुभूती मिळते. फरशी पुसणाऱ्या माणसाला मिळते, असा माझा तरी अनुभव नाही. म्हणून मांडणशिल्पात राबणारे जे कोणी दाखवाल, ते यंत्रच असू द्यावे.

आता संवादाकडे वळू. प्रेक्षकाने काही तरी दाबल्याशिवाय मांडणशिल्प संवादी ठरत नाही. दाबल्यावर काही घडलेच पाहिजे, असा मात्र कोठेही नियम नाही. न्यूयॉर्क शहरात पादचाऱ्यांसाठी सिग्नलच्या खांबांवर जी ३,२५० बटणे होती, त्यांपैकी अडीच हजारांहून अधिक बटणे केवळ शोभेची उरल्याचे २००४ मध्ये उघड झाले. सिग्नल केव्हाच संगणकाच्या ताब्यात गेले होते आणि लोक मात्र निष्ठेने बटणे दाबत होते. आपणही दोन बटणे लावावीत. ‘मान्य आहे’ हे बटण तळहाताएवढे, उजळ आणि छातीच्या उंचीवर असावे. ‘मान्य नाही’ हे करड्या रंगाचे, नखाएवढे आणि गुडघ्याच्या पातळीवर असावे; ते दाबल्यावर ‘आपली खात्री आहे का?’ असा प्रश्न यावा, खात्री आहे असे सांगितल्यावर कारण विचारावे आणि कारण निवडण्याच्या यादीत एकच कारण असावे. एखादी आजी कंबरेवर हात ठेवून वाकेल, करडे बटण चाचपडेल, तिसऱ्या प्रश्नाशी कंटाळेल आणि उभी राहून मोठे बटण दाबेल. तिच्या हाती लगेच थर्मल प्रिंटरमधून चिठ्ठी येईल: ‘आपण हा निर्णय स्वेच्छेने घेतला आहे.’ थर्मल कागदाचा आणखी एक फायदा म्हणजे त्यावरची अक्षरे काही महिन्यांत उडून जातात, त्यामुळे अपिलाचा प्रश्न आपोआप निकालात निघतो.

येथे एक अडचण उद्भवते, तिची पूर्वकल्पना असलेली बरी. हे दृश्य बऱ्यापैकी खरे आहे. कोणत्याही ॲपवर नोंदणी रद्द करू पाहणाऱ्या माणसाला ते ओळखीचे वाटेल, आणि ओळख पटली की भीती पळते. म्हणून बटणांवर थोडा धूर सोडावा.

यंत्राच्या प्रतिसादाची वेळ हा तांत्रिक भाग असला तरी त्यात कलावंताला वाव आहे. दाबणे आणि घडणे यांतले अंतर सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षा कमी असले की माणसाला ते तत्क्षणी घडल्यासारखे वाटते, हे संगणकक्षेत्रातील जुने गणित आहे. बटणाचा आवाज तेवढ्यात यावा. निर्णयाला मात्र मुद्दाम चार सेकंद लावावेत आणि त्या वेळात डोळ्याने प्रेक्षकाला वरून खाली न्याहाळावे. तेवढ्यात आत काय घडते, हा आपला खाजगी प्रश्न आहे. आधी लिहून ठेवलेल्या दहा-बारा वाक्यांतून फासा पडावा तसे एखादे वाक्य उचलले तरी पुरते. संगणकतज्ज्ञ जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ मध्ये जगापुढे मांडलेली ‘एलायझा’ ही गप्पा मारणारी संगणकप्रणाली समोरच्याचेच वाक्य उलटवून त्याचा प्रश्न करीत असे. ती कशी घडली हे कित्येक महिने पाहिलेली त्यांची स्वतःची सचिवसुद्धा तिच्याशी बोलू लागली तेव्हा काही वेळातच वायझेनबाउम यांना खोलीबाहेर जायला सांगती झाली. बुद्धिमत्ता प्रेक्षक घरून घेऊन येतो. आपण फक्त विजेची सोय करावी.

कायद्याचा विषय अंगावर आलाच तर घाबरू नये. केवळ यंत्राने घेतलेल्या गंभीर परिणामांच्या निर्णयापासून संरक्षण मिळण्याचा हक्क युरोपीय संघाच्या विदा-संरक्षण (व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाच्या) नियमाने २०१८ पासून लागू केला आहे, आणि २०२४ च्या त्यांच्या कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्याने जोखमीच्या प्रणालींवर माणसाची देखरेख हवी असे म्हणताना, देखरेख करणारा माणूस यंत्राच्या शब्दावर नको इतका विसंबतो, याचीही आठवण करून दिली आहे. या तरतुदीवर आपल्याला एक दालन सहज उभारता येईल: एक खुर्ची, एक शिक्का, टेबलावर ‘अंतिम निर्णय माणसाचाच’ अशी पाटी, आणि समोरच्या पडद्यावर दर तीन सेकंदांना एक नवे प्रकरण. प्रेक्षकाने प्रत्येक प्रकरण वाचून, समजून, यंत्राची शिफारस पारखून मग शिक्का मारायचा. पहिल्या दोन प्रकरणांपर्यंत तो वाचेल. पाचव्याला तो शिफारशीचा रंग पाहील. दहाव्याला त्याचा हात आपणहून चालू लागेल आणि खाली शेरा येईल: ‘आपली कार्यक्षमता सरासरीपेक्षा कमी आहे.’ माझ्या मते संपूर्ण विषयाचा गाभा या खुर्चीत आहे. त्याच कारणाने मी आपल्याला ती न ठेवण्याचा सल्ला देतो. प्रेक्षक दालनातून अस्वस्थ होऊन जावा हे ठीक, पण सोमवारी आपल्याच कचेरीत जाऊन त्याच खुर्चीत बसल्यासारखे त्याला वाटू लागले, तर प्रायोजकाला आपण काय उत्तर देणार? शेवटी ती खुर्ची प्रायोजकाच्याही कचेरीत आहेच.

भिंतीवरचा मजकूर यंत्राकडूनच लिहून घ्यावा. त्यात ‘प्रश्न उपस्थित करते’ हे शब्द आपोआप येतात.

राहता राहिली माणसे. वुल्फगांग फॉन केंपेलेन यांनी १७७० मध्ये व्हिएन्नाच्या दरबारात बुद्धिबळ खेळणारे यंत्र आणले, तेव्हा खेळापूर्वी ते पेटीची दारे एकेक करून उघडत, आतली दातेरी चाके दाखवत, आणि पेटीत लपून प्रत्यक्ष खेळणारा माणूस त्या वेळी सरकत्या बैठकीवरून दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसे. आपल्या पेटीची दारेही अशीच उघडी ठेवावीत. तारा आणि लुकलुकणारे दिवे पाहून लोकांची खात्री पटते. आत बसलेल्यांचा, म्हणजे दिवसभर चित्रांना खुणा करून यंत्राला कुत्रा आणि मांजर शिकवणाऱ्यांचा, उल्लेख टाळावा. मुळात ‘यंत्र माणसाचे काम हिरावून घेते’ हे वाक्य जोरकस आहे, त्यात ‘आणि ते काम दुसऱ्या एका माणसाला कमी पैशांत देते’ अशी शेपटी जोडली की त्याचा ठसका जातो.

पडद्यामागे मात्र एक मदतनीस लागेलच. प्रिंटरचा कागद संपणे, उजेड बदलला की सेन्सरने रिकाम्या खुर्चीला प्रेक्षक समजणे, प्रोजेक्टर तापून बंद पडणे, हे रोजचेच असते. मग ती बाई स्टुलावरून उठते, पडदा बाजूला करते, डोळ्याची वायर काढते, मनात दहा अंक मोजते आणि पुन्हा लावते. मानवजातीचे भवितव्य त्यानंतर पूर्ववत अंधारात न्याहाळू लागते. तिच्या नावाची पाटी लावू नये, कारण मांडणशिल्पाच्या पाटीवर ‘स्वयंचलित’ असा शब्द आहे.

प्रदर्शन संपल्यावर अनुदान देणाऱ्या संस्थेला अहवाल द्यावा लागतो. दाराशी बसवलेल्या सेन्सरची आकडेवारी त्यात जोडावी. तीवरून कलादालनाच्या व्यवस्थापनाला असे दिसेल, की मदतनीस दिवसातला बराच वेळ नुसती बसून असते, आणि पुढच्या प्रदर्शनासाठी तिच्याऐवजी ठरावीक वेळेला वायर आपोआप बंद-चालू करणारे एक छोटे उपकरण घेण्याचे ठरेल. आपल्या मांडणशिल्पाने प्रत्यक्षात घडवून आणलेला हा एकमेव निर्णय असेल. तो ‘सामाजिक परिणाम’ या रकान्यात लिहू नये. ‘खर्चातील बचत’ या रकान्यात लिहावा, म्हणजे पुढच्या वर्षीचे अनुदान लवकर मंजूर होते.