ताशी दर आणि बिघाडांची वही : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की, फ्लाइंग क्लब निवडण्यावरच्या लेखात मी बिघाडांच्या वहीवर (विमानात काही बिघडलेलं दिसलं की उडवणारे ज्यात नोंद करतात ती) तीन परिच्छेद लिहिले आणि विमानाच्या भाड्याचा ताशी दर एका ओळीत उरकला. पगारातून पैसे बाजूला काढून उडणाऱ्याला आधी दरच बघावा लागतो. शिवाय जुन्या विमानांची मी उगाच बाजू घेतली.

दराबद्दल तुमचं बरोबर आहे. राहिलेलं इथे लिहितो.

दरात इंधन धरलंय का, हे बहुतेक जण विचारतात. तास कुठल्या मीटरवर मोजतात, हे फार थोडे विचारतात. हॉब्स मीटर सहसा इंजिन सुरू झालं की घड्याळासारखा चालतो. टॅकोमीटरचा तास इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो. क्रूझच्या, म्हणजे वर सरळ उडतानाच्या फेऱ्यांना पुरा, टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवरून विमान नेताना, किंवा रनवेच्या तोंडाशी खोळंबल्यावर संथ. त्यामुळे दोन क्लबांचा दर आकड्याने सारखा असला, तरी एकाच उड्डाणाचं बिल वेगळं येतं. अपघात झाला तर विम्याबाहेरची किती रक्कम सभासदाच्या गळ्यात पडते, तेही सही करण्याआधी वाचा.

आणि विमान मिळतं का? एका विमानामागे तीस सभासद असतील, तर सुट्टीच्या दिवशीची वेळ मिळायची मारामार. तीन आठवड्यांचा खंड पडला की पुढचा धडा मागचंच गिरवण्यात जातो, आणि त्या तासाचे पैसे तुम्हीच भरता. कमी दराचा फायदा तिथेच संपतो.

जुन्या विमानांबद्दल मात्र मी माझ्या मतावर ठाम आहे. सेस्ना 172 हे छोटं विमान पहिल्यांदा 1955 साली उडालं आणि कित्येक दशकांपूर्वी बनलेली ही विमानं आजही विद्यार्थी घडवताहेत. मी विमानाच्या वयाआधी ते किती उडतं ते बघतो. लायकमिंग या कंपनीच्या बऱ्याच इंजिनांत कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) वरच्या बाजूला असतो. विमान महिनोन्‌महिने उभं राहिलं की त्याच्यावरचं तेल ओघळून जातं आणि ओलाव्याने गंज धरतो. रंग चकचकीत पण विमान हँगरच्या कोपऱ्यात, त्यापेक्षा आठवड्यातून चारदा उडणारं जुनं मला जास्त भरवशाचं वाटतं.

आता वही. एका क्लबात मी ‘डावा ब्रेक मऊ लागतो’ अशी नोंद केली होती. दुसऱ्या दिवशी त्या नोंदीवर रेघ मारलेली होती. काय दुरुस्ती केली ते लिहिलेलं नाही, कुणाची सही नाही, आणि ब्रेक तसाच. विचारलं तर प्रशिक्षक म्हणाले, ‘बाकी कुणाची तक्रार नाही.’ नंतर जुनी पानं उलटली, तर त्याच ब्रेकच्या आणखी दोन नोंदी सापडल्या, वेगवेगळ्या हस्ताक्षरांत.

त्या क्लबचा दर सगळ्यांत कमी होता. त्यासाठी मी पुढे चार महिने तिथेच उडत राहिलो, आणि त्यातल्या दोन उड्डाणांत शेजारच्या सीटवर माझा धाकटा भाऊ होता.

दराचा भाग आज मूळ लेखात जोडतो आहे. वहीचे तीन परिच्छेद तसेच ठेवतो.